बापाची जागा आधी ठरवा, मग स्थळ बघा : खान्देशातल्या एकल आईसाठी पुनर्विवाहाची वाट

पदरी लेकरू असलेल्या बाईचं दुसरं लग्न निघालं की जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पहिला प्रश्न येतो तो 'पोरगं कुणाकडे राहील?' त्याची उत्तरंही दोनच ठरलेली. एक, आजोळी ठेवू. दोन, नवा माणूस आपलं नाव लावेल आणि जुना विषय संपेल. पहिल्यात मूल बापापाठोपाठ आईलाही मुकतं. दुसऱ्यात सुरतेला नाहीतर पुण्याला कामाला असलेला बाप कागदावरून पुसला जातो आणि बारावीच्या वर्षी जात पडताळणीच्या अर्जावर पुन्हा उभा राहतो.

म्हणून इथे क्रम थोडा उलटा दिला आहे. आधी तुमची कायदेशीर मोकळीक, मग वेगळा राहणाऱ्या बापाची जागा लेखी ठरवणं, त्यानंतर स्थळं. बापाचा विषय बंद केलेली नव्हे, नीट मार्गी लावलेली बाई नव्या संसारात मोकळेपणाने जाते.

कागदावर मोकळ्या आहात का?

गावात पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर लिहिलेली फारकत बहुतेक हिंदू समाजांत कोर्टापुढे टिकत नाही. समाजात तशी रूढी पूर्वापार आहे हे पुराव्याने सिद्ध झालं तरच ती मानली जाते, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. फारकतीच्या भरवशावर पाट लावला तर दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नवऱ्यानेच सही केली होती, असं म्हणून सुटका होत नाही.

दोघांची तयारी असेल तर परस्पर संमतीचा अर्ज हा सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग. अर्जाआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत असते, पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती ठरावीक परिस्थितीत माफ होऊ शकते. नवरा टाकून गेला असेल तर सलग दोन वर्षांच्या परित्यागावर घटस्फोट मागता येतो. जळगावला कौटुंबिक न्यायालय आहे. तुमच्या भागासाठी ते नसेल तर अर्ज दिवाणी न्यायालयात जातो. वकिलाच्या फीसाठी अडू नका. बाईला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; हेल्पलाइन १५१००.

निकाल लागला म्हणजे लगेच हळद लावायची असं नाही. विरोधात लढलेल्या प्रकरणात अपिलाची मुदत जाऊ द्यावी लागते. हिंदू विवाह कायद्यात ती ९० दिवस आहे. संमतीच्या निकालावर सहसा अपील नसतं, तरी तारीख वकिलाकडून लेखी घ्या. एकतर्फी निकाल असेल तर आणखी जपा. समन्स खरोखर त्याच्या हाती पडलं होतं का, हे फाईलमध्ये बघा. चुकीच्या पत्त्यावर बजावणी दाखवली असेल, तर माणूस वर्षभराने येऊन 'मला कळलंच नाही' म्हणत निकाल रद्द करून मागू शकतो, आणि तोवर तुमचं लग्न झालेलं असतं.

भिल्ल, पावरा अशा अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागू नाही, त्यांची रूढी चालते. देज (वधूमूल्य) परत करून पंचांनी मोकळं केलं असेल तर तारीख, रक्कम, दोन्हीकडच्या सह्या आणि पोलीस पाटलाची साक्ष घालून कागद करा. घरात सरकारी नोकरी किंवा पेन्शनचा प्रश्न असेल तर दिवाणी कोर्टाकडून तशी घोषणा घेतलेली बरी. मुस्लिम बहिणींसाठी इद्दतीचा (पुन्हा लग्नाआधी थांबण्याचा) काळ आणि तलाकचा लेखी पुरावा, या दोन्हींची खातरजमा वकिलाकडून करून घ्या.

बापाशी काय ठरवायचं, आणि कसं लिहायचं

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा लागतो. चार गोष्टी लिहून हव्यात: पैसा, भेटी, कागदपत्रं, निर्णय. घटस्फोटाच्या संमतीपत्रातच त्या आल्या तर उत्तम. निकाल आधीच झाला असेल तर वेगळा अर्ज करून आदेशात घालून घ्या. नोटरीच्या कागदापेक्षा कोर्टाच्या आदेशाला वसुलीची ताकद असते.

पैशात पहिली अट : तुमची आणि मुलाची रक्कम वेगवेगळी लिहा. 'पत्नी व मुलास मिळून ८,०००' असा आदेश असला की तुमच्या लग्नानंतर तुमची पोटगी थांबते, आणि त्यातली मुलाची किती यावर नवा वाद सुरू होतो. 'मुलास ५,०००, पत्नीस ३,०००' असं असेल तर ५,००० तसेच चालू राहतात. आईने दुसरं लग्न केलं म्हणून मुलाचा बापाकडचा हक्क जात नाही. 'मुलासाठी काही मागणार नाही' असं तुम्ही रागाच्या भरात लिहून दिलं असलं, तरी ते मुलाला बांधत नाही.

पगारदार बापाचं उत्पन्न कळायला सोपं. शेतकरी बापाचं तसं नसतं. सातबारा, आठ-अ, केळीच्या व्यापाऱ्याच्या पावत्या, जिनिंगच्या किंवा कापूस खरेदीच्या पट्ट्या, बँकेचं पासबुक, हे जमवा. २०२० पासून दोघांनाही मालमत्ता व देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिथे लपवाछपवी सापडली तर तुमची बाजू जड होते. कापसावर जगणाऱ्याकडे दिवाळीनंतर पैसा असतो, जूनमध्ये खिशात बियाण्याची उधारी. अशा माणसाकडून दरमहा ४,००० चा आदेश घेतला तर चौथ्या महिन्यापासून थकबाकी सुरू होते. त्यापेक्षा वर्षाचे ४८,००० दोन हप्त्यांत ठरवा: ३०,००० डिसेंबरअखेर आणि १८,००० शाळा उघडण्याआधी. धोका एकच, एक हप्ता बुडाला तर निम्मं वर्ष बुडतं. म्हणून डिसेंबरचा हप्ता मोठा आणि जूनचा धनादेश त्याच दिवशी हातात.

थकबाकी साचू देऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालच्या पोटगीच्या आदेशाची वसुली वॉरंटने करायची तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 'देईल, भाऊ म्हणतात देईल' करत तीन वर्षं गेली, की या मार्गाने आधीच्या दोन वर्षांवर पाणी सोडावं लागतं. दर दहाव्या महिन्याला पासबुक बघा. रोख घेऊच नका. मुलाच्या नावच्या खात्यात, तुम्ही पालक म्हणून, थेट जमा.

भेटींचं वेळापत्रक बाप कुठे राहतो त्यावर. सुरतेत उधन्याला राहणारा बाप दर रविवारी येणार नाही, तसं लिहून उपयोग नाही. महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार धरा. सुरत–भुसावळ मार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ही स्टेशनं सोयीची पडतात. मूल ताब्यात देण्याची जागा आणि वेळ नेमकी हवी : 'अमळनेर स्टेशन, तिकीट खिडकीजवळ, सकाळी ११'. एक तास वाट, फोन नाही, माणूस नाही, तर ती भेट रद्द. हे कलम बापाला शिक्षा म्हणून घालायचं नाही. नवा शर्ट घालून दुपारी तीनपर्यंत बाकावर बसून राहणाऱ्या पोरासाठी घालायचं असतं.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी ओळखीचं माणूस जवळ असताना दोन तास पुरे. सहा वर्षांपर्यंत दिवसभर. त्यापुढे मुक्काम, तोही चार-पाच दिवसभराच्या भेटी सुरळीत झाल्यावर. दारू पिऊन आला तर मूल दिलं जाणार नाही, असं स्पष्ट लिहा. बाप स्वतः येऊ शकत नसेल तर आजी-आजोबांपैकी कोण नेईल, त्यांची नावं घाला. फोनचे दोन वार आणि वेळ ठरवा, उदाहरणार्थ बुधवार-रविवार सायंकाळी सात, पंधरा मिनिटं.

सण विसरले जातात आणि भांडणं तिथेच होतात. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तुम्ही माहेरी, मूल तुमच्याबरोबर. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, दरवर्षी आलटूनपालटून. उन्हाळ्यात दहा-बारा दिवस बापाकडे. आणि श्रावणातली कानबाई, म्हणजे खान्देशातला देवीचा सण. बहुतेक घरांत रोट (तिचा प्रसाद) भाऊबंदांपलीकडे दिले जात नाहीत, म्हणून मुलाचा तो रविवार बापाच्या घरी लिहून ठेवा. नव्या घरातल्या कानबाईत मुलाला रोट देणार की नाही, हेही लग्नाआधी होणाऱ्या सासूबाईंना सरळ विचारा. त्यांच्या कुळाचा नियम कडक असेल तर त्या दिवशी मुलाने बापाकडे जावं हे आधीच ठरतं; ऐन वेळी चारचौघांत पंगतीतून उठवलं गेलेलं पोर ते जन्मभर विसरत नाही.

कागदपत्रांचं मात्र आजच करा, संबंध बरे आहेत तोवर. मुलाचा जातीचा दाखला आणि पुढे वैधता साधारणपणे बापाच्या बाजूच्या पुराव्यांवर उभी राहते. बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, त्याचं जात वैधता प्रमाणपत्र असल्यास ते, आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या किंवा गावनमुन्याच्या नोंदी, यांच्या प्रती घ्या. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. बारा वर्षांनी कॅप राउंडच्या (कॉलेजच्या केंद्रीय प्रवेश फेरीच्या) आठवड्यात तुटलेल्या सासरी हे मागायला जाणं किती अवघड, ते गेलेल्यांनाच माहीत.

निर्णयांबद्दल दोन ओळी पुरतात : रोजचे निर्णय आई घेईल, शाळा बदलणं किंवा शस्त्रक्रिया असेल तर बापाला आधी कळवेल.

विधवा बहिणीसाठी : बाप नाही, पण त्याचं घर आहे

इथे भेटी-पोटगीची जागा जमीन घेते. नवऱ्याच्या नावच्या शेतात तुम्ही आणि मुलं दोघंही पहिल्या वर्गाचे वारस. वारस नोंदीचा फेरफार मंजूर झाला का, सातबाऱ्यावर तुमची आणि मुलांची नावं आली का, हे स्थळ बघण्याआधी तपासा. एकदा वारसाने मिळालेला हिस्सा पुनर्विवाहाने जात नाही. सासरचे गोड बोलून म्हणतात, 'लगीन करा ताई, आमचं काही म्हणणं नाही, फक्त हक्कसोडवर सही करा.' तुमच्या हिश्श्याचं तुम्ही ठरवा, पण मुलांच्या हिश्श्यावर सही करायची नाही. अल्पवयीन मुलाची स्थावर मिळकत विकायला किंवा सोडायला जिल्हा न्यायालयाची आधी परवानगी लागते. ती नसताना झालेला व्यवहार मूल पुढे रद्द करून मागू शकतं. आजी-आजोबांच्या भेटी मात्र मोठ्या मनाने लिहून द्या. नातवाच्या ओढीने जमिनीचे वादही नरमतात.

भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली विधवा पेन्शन पुनर्विवाहाने थांबते, मुलांची पेन्शन २५ वर्षांपर्यंत चालते. हा हिशेब आधी करा, नंतर कळून डोक्याला हात लावण्यापेक्षा.

स्थळ शोधताना

बायोडाट्यात मुलाला लपवू नका. 'घटस्फोटित, एक मुलगा, वय ७, आईसोबतच राहील, वडील दरमहा खर्च देतात व भेटतात' एवढी ओळ लिहिली की निम्मी स्थळं आपोआप गळतात. गळू द्या. समाजाच्या परिचय मेळाव्यांच्या पुस्तिकेत घटस्फोटित, विधवा-विधुरांचा वेगळा विभाग असतो. त्यात नाव द्या, पण मोबाइल नंबर भावाचा किंवा वडिलांचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मुलाचा फोटो आणि शाळेचं नाव कधीही टाकू नका. मध्यस्थ 'पोरीचं वय निघून चाललं' म्हणत घाई करतो, कारण त्याला सुगी गाठायची असते.

माणूस तपासताना पुढचं सगळं करा, लाजू नका :

त्याच्या निकालाची प्रमाणित प्रत किंवा पहिल्या बायकोचा मृत्यू दाखला मूळ कागदावर बघा. ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा निवडून नावाने शोध घेता येतो, फुकट. पोटगीचं, चेक बाउन्सचं, मारहाणीचं प्रकरण तिथे दिसू शकतं. महाभूलेखवर त्याचा सातबारा उघडा आणि 'इतर हक्क' वाचा. विकास सोसायटीचा आणि बँकेचा बोजा तिथेच असतो. पाच एकर केळी सांगितली जाते आणि तिच्यावर चौदा लाखांचा बोजा असतो, असंही घडतं. दोघांच्या रक्ततपासण्या करा. नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचीही करा.

सगळ्यात खरी कसोटी मात्र त्याच्या पहिल्या मुलांची. तो त्यांचा खर्च देतो का, त्यांना भेटतो का? स्वतःच्या लेकराला दोन वर्षांत न भेटलेला माणूस तुमच्या लेकराला जीव लावेन म्हणतो, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला आधार काय? आणि तुमच्या मुलाचा बाप महिन्यातून एकदा स्टेशनवर येईल हे त्याला चालतं का, हे दुसऱ्याच भेटीत विचारा. 'कशाला हवं ते, मी आहे ना' हे उत्तर प्रेमळ वाटतं. लग्नानंतरच्या पहिल्या भांडणाचं बीज तिथेच असतं.

मुलाला केव्हा आणि कसं भेटवायचं

पहिल्या भेटी मोठ्यांच्याच. मुलाला भेटवायचं ते तुमचा होकार पक्का झाल्यावर. आलेला प्रत्येक पाहुणा मुलासमोर उभा केला तर त्याला माणसं जाण्याची सवय लागते. चहा-पोह्यांच्या बैठकीत सगळ्यांच्या नजरा पोरावर असतात. त्यापेक्षा थंडीत शेतातली भरीत पार्टी बरी. कपाशीच्या काड्या पेटलेल्या, वांगी भाजायला मुलांची धावपळ, दोन-चार घरची माणसं. तिथे नवा माणूस मुलाशी बोलला नाही तरी चालतं, राख झटकून वांगं सोलायला दिलं तरी पुरे.

मुलाला आधी सांगा, आणि स्वतः सांगा. गल्लीतलं कुणीतरी 'तुना नवा बाप उना का रे?' विचारणारच आहे; ते पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकायला नको. पप्पा म्हणायची सक्ती नको. काका, बाबा, नावापुढे भाऊ, जे मुलाच्या जिभेवर बसेल ते. पहिली दोन वर्षं शिस्त तुमच्याकडे ठेवा : अभ्यास, रागावणं, मोबाइल काढून घेणं. नव्या माणसाने आधी ओळख कमवावी. नवी घरं साधारण दोन ते पाच वर्षांत जमतात, सहा महिन्यांत माया लागली नाही म्हणून कुणाला दोष देऊ नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात मूल आणि नव्या घरातलं कुणीही माणूस यांना तासन्‌तास एकटं सोडू नका, मुलाला वाईट स्पर्श ओळखायला शिकवा, आणि मूल काही सांगायला लागलं तर नाती सांभाळण्याआधी त्याचं ऐका. चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

बापाला कळल्यावर

बातमी त्याला तुमच्याकडून, लेखी आणि थोडक्यात जावी. त्यानंतर तीनपैकी एक होतं. तो पैसे थांबवतो, तो ताब्यासाठी अर्ज करतो, किंवा गुपचूप दूर होतो. पहिल्याला वसुली अर्ज. दुसऱ्याला घाबरू नका : आईचं दुसरं लग्न एवढ्याच कारणाने ताबा जात नाही, न्यायालय मुलाचं हित बघतं. शाळेची हजेरी, दवाखान्याची फाईल, घरात मुलाच्या झोपण्या-अभ्यासाची जागा, हाच तुमचा पुरावा.

तिसरं सगळ्यात जास्त घडतं. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातही हेच दिसलं, की आईने नवा जोडीदार केला की वेगळा राहणारा बाप मुलापासून झपाट्याने सुटत जातो. आपल्याकडे त्यात भावकीचं 'आता तिकडचं पोर' हे पालुपद मिसळतं. त्याला रोखायचं तर पहिलं वर्ष वेळापत्रक तुम्ही स्वतःहून पाळा, भेटीच्या आदल्या दिवशी संदेश टाका, आणि पहिले सहा महिने मूल द्यायला नव्या नवऱ्याला पाठवू नका. मुलाच्या तोंडी निरोप तर मुळीच नाही.

नाव आणि दत्तक

सावत्र बाप कायद्याने नैसर्गिक पालक नसतो, त्याची सही चालेल असं गृहीत धरू नका. पहिला बाप वारला असेल तर मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार आईला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. पण बाप हयात असताना शाळेच्या रजिस्टरवर परस्पर नवं नाव चढवलं तर वर सांगितलेली वैधता अडकते. शक्यतो नाव राहू द्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहेच.

सावत्र बापाला दत्तक घ्यायचं असेल तर केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी, जन्मदात्या बापाची लेखी संमती आणि पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागते. जिल्हा बाल संरक्षण कक्षात आधी चौकशी करा. दत्तकानंतर जन्मदात्या बापाशी कायदेशीर नातं संपतं, त्याची पोटगी आणि पुढचा वारसाही. बाप खर्च देत असेल, शेत असेल, तर मी म्हणेन घाई करू नका.

लग्न आणि नंतरचा पंधरवडा

मंदिरात चार माणसांत लागलं तरी नोंदणी कराच. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज, तीन साक्षीदार, आणि आधीच्या निकालाची प्रत किंवा मृत्यू दाखला. ९० दिवसांच्या आत. आंतरजातीय असेल आणि विशेष विवाह कायद्याने करायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस धरून तारीख काढा. जातपंचायतीने वाळीत टाकण्याची भाषा केली तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार बंदी कायदा आहे, पोलीस ठाण्यात तेच नाव घ्या.

संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० रुपये येत असतील तर लग्न झाल्याचं तहसीलला कळवा, नाहीतर वसुली निघते. मुलासाठी बाल संगोपनाचे २,२५० येत असतील तर पात्रता नव्याने तपासली जाईल, तेही विचारून घ्या. रेशन कार्डावर मुलाचं नाव जुन्या कार्डातून कमी करून नव्यात घाला. मुलाच्या पोटगीचं खातं तुमच्या आणि मुलाच्याच नावावर राहू द्या, नव्या घरच्या खात्यात मिसळू नका. विमा आणि बँकेतलं नामनिर्देशन बदलताना नवऱ्याबरोबर मुलाचंही नाव टक्केवारीसह लिहा. बापाला नवा पत्ता आणि शाळेचं नाव लेखी कळवून पोच ठेवा. भेटीची जागा बदलायची असेल तर त्याच कागदात, जुन्या स्टेशनऐवजी कोणतं, तेही.